पोपाय आणि आठ बाय आठची चौकट

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका स्वस्तातल्या खेळाबद्दल बोलू या. खेळ 'पोपाय', म्हणजे कार्टूनमधला तो पालक खाणारा नाविक. यंत्र झेडएक्स स्पेक्ट्रम, सिंक्लेअर कंपनीचा जुना घरगुती संगणक. ब्रिटनमध्ये १९८५ साली डीकेट्रॉनिक्सनं कार्टूनचा परवाना घेऊन तो आणला. पुढे ऑल्टरनेटिव्ह सॉफ्टवेअरनं तोच खेळ १.९९ पौंडांच्या कॅसेटवर पुन्हा काढला. स्वस्त कॅसेट आणि वर कार्टूनचं चित्र दिसलं की जाणकार नाक मुरडतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं खरंही निघतं. या खेळाच्या बाबतीत मात्र नाही.

खेळ तसा सोपा. पोपायची मैत्रीण ऑलिव्ह, तिच्यासाठी बदाम गोळा करायचे, म्हणजे पत्त्यांतले लाल बदाम. दांडगट वैरी ब्लूटोला चुकवायचं, पालकाच्या भाजीचे डबे मिळवायचे आणि किल्ल्या शोधून दारं उघडत चक्रव्यूहात पुढे सरकायचं. खेळाचा प्रोग्रॅम लिहिणारे लेखक डॉन प्रीस्टली. वाटा आणि भिंतींचा हा नाद त्यांना आधीपासूनच होता: १९८३च्या त्यांच्या 'मेझियाक्स'मध्ये भिंतीतले कैदी खजिन्याची वाट दाखवतात आणि तलवार एका झुंजीत मोडते.

पोपायची खरी करामत रंगांत आहे. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. पण रंग ठिपक्याला मिळत नाही, तो आठ बाय आठच्या चौकटीला मिळतो. अशा चौकटी ३२ आडव्या, २४ उभ्या, एकूण ७६८. एका चौकटीत रंग फक्त दोन, स्पेक्ट्रमच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यांना नावंच शाई आणि कागद अशी आहेत. लाल शर्टाचा माणूस हिरव्या झाडासमोरून गेला की झाड लाल होतं, नाहीतर शर्ट हिरवा. बऱ्याच लेखकांनी यावर सरळ हात टेकले आणि सगळा खेळ एकरंगी केला. प्रीस्टली यांनी उलट केलं: पात्रं मोठीच्या मोठी काढली, कुठला रंग कुठे संपतो ते चौकटीच्या कडेवर बसवलं आणि पात्राला एकेक ठिपका न सरकवता एकेक चौकट, म्हणजे आठ ठिपके, सरकवलं. रंग एकमेकांत सांडतच नाहीत. याची किंमत चालीत मोजावी लागते. पोपाय झुळझुळ चालत नाही, कळसूत्री बाहुलीसारखा ठक ठक पुढे येतो. नाविकाच्या डुलत्या चालीला ते शोभूनही दिसतं. लहान मुलांना हीच चाल कंटाळवाणी वाटू शकते, हे कबूल करायला हवं. १९८६च्या 'ट्रॅप डोअर'मध्ये प्रीस्टली यांनी हीच युक्ती आणखी पक्की केली.

आता हा खेळ आज मूळ कॅसेटवरून चालवायचा असेल तर. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीनं परवान्यानं विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस कुणाच्या माळ्यावर असेल, तर त्यालाही हेच लागू. आधी वीज बघा. मूळच्या स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, सुमारे १.४ अँपिअर, आणि पिनच्या मधला भाग ऋण. बाजारातले बरेच अडॅप्टर मधे धन असतात. तसला खुपसला तर आतले भाग जळतात. सुरू केल्यावर नुसते पट्टे दिसले आणि सिंक्लेअरची ओळ आलीच नाही, तर संशय आधी खालच्या १६ किलोबाइटच्या मेमरीवर आणि तिला वीज देणाऱ्या भागावर घ्या. कीबोर्डच्या आतल्या चपट्या पट्ट्या जुन्या होऊन तडकतात, त्या ओढू नका, वाकवूही नका.

टेपरेकॉर्डरच्या इअर भोकातून संगणकाच्या इअर भोकात एकच वायर. जे दाबा, लोड हा शब्द उमटतो. मग सिम्बॉल शिफ्ट धरून पी दोनदा, एंटर, आणि टेप सुरू. आवाज पाऊण, ट्रेबल भरपूर. पडद्याच्या कडेला लाल आणि फिकट निळे पट्टे सारख्या जाडीचे, संथ सरकणारे हवेत. ते लचकत असतील तर टेपरेकॉर्डरच्या आतला चाकं फिरवणारा रबरी पट्टा सैल झालाय. पट्टे येतात, पण मग 'आर टेप लोडिंग एरर' येते, तर बहुधा टेप वाचणारं हेड तिरकं आहे. हेडशेजारच्या बारीक स्क्रूला टेप चालू ठेवून अगदी थोडं फिरवा, पाव फेऱ्याच्या आत, आणि किरकिर सगळ्यात तीक्ष्ण कुठे होते तिथे थांबा. आधीची जागा पेननं खुणावून ठेवा, कारण तुमच्या इतर कॅसेट त्या जागेला सवयीच्या असतात.

सगळं जुळलं की सुरुवातीचं चित्र उतरू लागतं. ते सलग वरून खाली येत नाही: पडद्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात ओळी सोडून सोडून भरल्या जातात. अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ चित्र बिनरंगी असतं. शेवटच्या चार-पाच सेकंदांत ७६८ चौकटींचे रंग वरून खाली धावत येतात. मघाशी सांगितलेली चौकट इथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

खेळताना गणिताच्या चौकटींच्या वहीत नकाशा काढा. एका चौकटीत एक पडदा, दाराला रेघ, आणि कुठली किल्ली कुठे मिळाली ते शेजारी. आणि लोड एकदा नीट झाला की कॅसेटची प्रत संगणकावर डब्ल्यूएव्ही स्वरूपात उतरवून ठेवा, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, आवाज स्वच्छ करणारी सगळी बटणं बंद. एमपीथ्री नको. तिच्यात आवाजाचे कंगोरे बोथट होतात, आणि स्पेक्ट्रम तर दोन कंगोऱ्यांमधला वेळच मोजत असतो.