वाळीत पडलेल्यांची लीग: कोलंबिया, १९४९

(पडद्यावर: जुन्या बोगोता शहराचे कृष्णधवल फोटो. जळालेल्या ट्राम.)

९ एप्रिल १९४८. बोगोतात भरदुपारी खोर्खे एलिएसेर गायतान यांना गोळ्या घातल्या गेल्या. लिबरल पक्षाचा नेता, गोरगरिबांचा लाडका वक्ता. पुढचा राष्ट्राध्यक्ष हाच, असं लोक धरूनच चालले होते. संध्याकाळपर्यंत शहर पेटलं होतं. पुढची दहाएक वर्षं कोलंबियाच्या खेड्यापाड्यांत लिबरल आणि कॉन्झर्वेटिव्ह एकमेकांचे जीव घेत राहिले. त्या काळाला तिथे नुसतं ‘ला व्हिओलेन्सिया’ म्हणतात. हिंसा. मेलेल्यांचा आकडा दोन लाखांच्या घरात सांगतात.

गायतान गेल्याला चार महिने झाले होते, आणि ऑगस्टमध्ये याच देशात व्यावसायिक फुटबॉलची पहिली लीग सुरू झाली. दहा संघ. पहिलं विजेतेपद बोगोताच्या सांता फेनं घेतलं.

ही लीग चालवणारी संघटना होती ‘दिमायोर’. देशाच्या फुटबॉलचा अधिकृत कारभार मात्र होता बारांकियाच्या हौशी फुटबॉल संघटनेकडे, आणि या दोघींचं पटेना. मैदानं कोणाची, खेळाडू कोणाचे, हुकूम कोणाचा? भांडण विकोपाला गेलं. जुन्या संघटनेनं दिमायोरला बाहेर काढलं, फिफानं जुन्या संघटनेची बाजू घेतली, आणि १९४९ मध्ये कोलंबियाची लीग जगाच्या फुटबॉलमधून वाळीत पडली.

आता वाळीत टाकणं ही काय चीज असते, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. रोटी-बेटी व्यवहार बंद. परदेशी संघाशी सामना नाही, आंतरराष्ट्रीय स्पर्धा नाही. पण यात एक गंमत होती, आणि ती बोगोताच्याच मिल्योनारिओस क्लबचे अध्यक्ष आल्फोन्सो सेनिओर यांनी बरोबर हेरली. दुसऱ्या क्लबचा खेळाडू घ्यायचा तर त्या क्लबला ट्रान्सफर फी द्यायची, हा नियम पंचायतीतल्या मंडळींसाठी. जो पंचायतीतच नाही, त्याला कसला नियम? खेळाडूला विमानाचं तिकीट पाठवायचं, थेट त्याच्या हातात पैसे ठेवायचे. मूळ क्लबनं आरडाओरडा केला, तर तक्रार ऐकायला बसणार कोण? आणि दंड तरी कसला करणार? शिक्षा आधीच देऊन झालेली.

मिल्योनारिओस हे नावसुद्धा एका टोमण्यातून आलेलं. या क्लबचा पूर्वावतार अर्जेंटिनाच्या खेळाडूंवर पैसे उधळायचा, म्हणून लोक चिडवायचे: आले बघा लक्षाधीश! पुढे क्लबनं तेच नाव अंगाला लावून घेतलं.

(पडद्यावर: ब्यूनस आयर्स. रिकाम्या स्टेडियमचे बाक.)

नशीबही असं, की नेमक्या त्याच वेळी दक्षिणेला, अर्जेंटिनात, जगातले काही सर्वोत्तम फुटबॉलपटू संपावर होते. त्यांची युनियन १९४४ पासूनची. मागण्या साध्या होत्या: युनियनला मान्यता, किमान पगार, आणि करार संपल्यावर हवं तिकडे जाण्याची मोकळीक. कारण तेव्हा करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच दावणीला बांधलेला असायचा. नोव्हेंबर १९४८ मध्ये संप सुरू झाला. मालकांनी काय केलं, तर हंगामाचे शेवटचे सामने पोरसवदा हौशी मुलांना उतरवून उरकले. पुढच्या वर्षी संप मिटला, पण वर पगाराला कमाल मर्यादा घालून. ज्यांच्या खेळावर क्लबांचा गल्ला भरत होता, त्यांनाच सांगण्यात आलं की याच्यावर एक पेसो मिळणार नाही.

आणि मग जून १९४९ मध्ये सेनिओर यांनी आपला खेळाडू-प्रशिक्षक कार्लोस आल्दाबे याला ब्यूनस आयर्सला धाडलं. एखादा मोठा माणूस घेऊन ये, एवढाच निरोप. आल्दाबेनं आणला आदोल्फो पेदेर्नेरा.

हे नाव थोडं थांबून ऐका. ब्यूनस आयर्सच्या रिव्हर प्लेट क्लबच्या चाळिसाच्या दशकातल्या संघाला लोक ‘ला माकिना’ म्हणायचे, म्हणजे यंत्र. त्या यंत्राचा मधला दांडा म्हणजे पेदेर्नेरा. सेंटर फॉरवर्ड असूनही मागे उतरायचा, बचावपटूला आपल्यामागे ओढायचा, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दोन्ही बाजूंचे साथीदार घुसायचे. पुढे युरोपात अशा खेळाडूचं फार कौतुक झालं. रिव्हरचे प्रेक्षक ते दर आठवड्याला बघत होते.

बोगोताच्या एल कांपिन स्टेडियमवर त्याला पहिल्यांदा लोकांसमोर आणलं, त्या दिवशी तो खेळलाही नाही. नुसता हात हलवला. तरी गल्ला नेहमीच्या कितीतरी पट जमला. मला वाटतं, ‘एल दोरादो’ हे या काळाचं नाव त्या दिवशीच ठरलं असणार. सोन्याच्या नगरीची जुनी दंतकथा याच भूमीतली. फरक इतकाच, की या वेळी सोनं बाहेरून आत येत होतं.

पेदेर्नेरानं मग रिव्हरमधल्या जुन्या सोबत्यांना निरोप धाडले. ऑगस्टमध्ये दोघं आले, अर्थात रिव्हरची परवानगी न घेता. एक नेस्तोर रोस्सी, मैदानाच्या मधोमध उभा राहून सगळ्या संघाला ओरडून खेळवणारा. दुसरा सोनेरी केसांचा, तेवीस वर्षांचा. रिव्हरमध्ये पेदेर्नेराची जागा त्यानंच घेतली होती. त्याचं नाव आल्फ्रेदो दि स्तेफानो.

(पडद्यावर: निळ्या जर्सीतला संघ.)

त्या हंगामात चौदा संघ होते. अँडीजच्या तीन रांगांनी चिरलेला देश, रस्ते बेताचे. बोगोता समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरवर, तर बारांकिया जवळजवळ समुद्रकिनाऱ्यालाच. एका रविवारी थंडीत धाप लागायची, पुढच्या रविवारी घामानं अंग निथळायचं.

आणि परदेशी खेळाडू एकट्या मिल्योनारिओसनं आणले असंही नाही. देपोर्तिवो काली संघात पेरूचे खेळाडू होते, आणि त्यांच्या चढाईला लोकांनी ‘रोदिल्यो नेग्रो’ म्हणजे काळा रोलर असं नाव दिलं होतं. समोर येईल ते सपाट. हंगाम संपला तेव्हा गुणतक्त्यात मिल्योनारिओस आणि काली बरोबरीत. विजेता ठरवायला दोन सामने ठेवले. कालीत मिल्योनारिओस १-० नं जिंकलं. बोगोतात ३-२. मिल्योनारिओसचं पहिलं विजेतेपद.

त्या वर्षी सर्वाधिक गोल कोणाचे? पेदेर्नेराचे नाहीत, दि स्तेफानोचेही नाहीत. मिल्योनारिओसच्याच पेद्रो काबियोनचे, ४२. कोलंबियाबाहेर आज हे नाव कोणी घेत नाही. मोठ्या झाडांच्या सावलीत उभं राहण्याची किंमत.

मिल्योनारिओसचा खेळ पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. एक, संघाचं टोपणनाव ‘बाएत आसुल’, निळा बॅले. दुसरी, एक म्हण: ‘सिंको इ बाइले’. मराठीत ती जशीच्या तशी बसते: पाच आणि नाच. पाच गोल झाले की पुरे. मग उरलेला वेळ चेंडू आपसात फिरवायचा. प्रतिस्पर्ध्याचा अपमान नको आणि प्रेक्षकांचे पैसेही वसूल.

पण बाहेर काय चाललं होतं? ९ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे हंगाम रंगात असताना, राष्ट्राध्यक्ष मारिआनो ओस्पिना पेरेस यांनी संसदेला टाळं ठोकलं आणि आणीबाणी लावली. त्याच महिन्यात निवडणूक झाली. लिबरल पक्षानं बहिष्कार घातला, आणि लाउरेआनो गोमेस समोर कोणी नसताना निवडून आले. लोकांचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून सरकारनं फुटबॉलला मोकळं रान दिलं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. असेलही. पण एल कांपिनच्या तिकीटबारीवर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला रविवारचे दोन तास कोणाला मारणं-मरणं ऐकायचं नव्हतं, तर त्याला दोष तरी कसा द्यायचा?

१९५० मध्ये या लीगचा हात इंग्लंडपर्यंत पोहोचला. तिथे आठवड्याला १२ पौंड ही पगाराची कमाल मर्यादा. इंग्लंडचा सेंटर हाफ नील फ्रँकलिन वर्ल्ड कप सोडून सांता फेमध्ये आला. मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटनही आला. फ्रँकलिनला काही मानवलं नाही, लवकरच परतला; घरी बंदी वाट बघत होती. इंग्लिश वर्तमानपत्रांनी या सगळ्यांना बोगोताचे डाकू ठरवलं. मालकाला सोडून दुप्पट-चौपट पगारावर जाणारा कारकून मात्र डाकू ठरत नाही.

अखेर १९५१ मध्ये पेरूच्या राजधानीत, लिमात, तडजोड झाली. कोलंबियाला पुन्हा पंगतीत घेतलं. अट अशी, की बाहेरून आणलेले खेळाडू १९५४ पर्यंत परत करायचे. तोवर मिल्योनारिओसनं आणखी विजेतेपदं घेतली, आणि मार्च १९५२ मध्ये माद्रिदला जाऊन रेआल माद्रिदला त्यांच्या पन्नाशीच्या सोहळ्यातच ४-२ नं हरवलं. दि स्तेफानोचे दोन गोल. रेआलचे अध्यक्ष सांतिआगो बेर्नाबेउ ते बघत होते.

१९५३ मध्ये दि स्तेफानोसाठी बार्सिलोना आणि रेआल भिडले. हा खेळाडू नक्की कोणाचा? लिमाच्या करारामुळे उत्तरं दोन होती: कायमचा रिव्हरचा, १९५४ पर्यंत मिल्योनारिओसचा. बार्सिलोनानं रिव्हरशी बोलणी केली, रेआलनं मिल्योनारिओसशी. आणि ज्याच्यासाठी चार वर्षांपूर्वी रिव्हरला एक पेसोही दिला नव्हता, त्याला सोडायचे पैसे मिल्योनारिओसनं माद्रिदकडून मोजून घेतले.