भीतीची पायरी

(पहाट. फाट्यावर एसटी थांबते. दांडी धरलेला हात, खांद्याला दप्तर. चेहरा दिसत नाही.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या या फाट्यावरून तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांना सकाळची ही एकच गाडी. अकरावीतली ही मुलगी गेल्या वर्षी पोळ्यानंतर सहा महिने तिच्यात चढली नव्हती.

पहिला झटका याच गाडीत आला. उभ्यानं प्रवास, खच्चून गर्दी. अचानक छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, घसा आवळल्यासारखा, आणि आता आपण मरतो ही खात्री. डॉक्टर याला पॅनिक अटॅक म्हणतात. समोर धोका नसताना शरीर पळून जायची तयारी करतं. श्वास भराभर चालतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि गरगरतं. साधारण दहा मिनिटांत हे सगळं शिगेला पोचतं, मग आपोआप उतरायला लागतं. त्यानं जीव जात नाही.

पण ती मधल्याच थांब्यावर उतरली आणि तिच्या जिवात जीव आला. आजार रुजला तो इथं. उतरलो म्हणून वाचलो, असं मन शिकलं. मग एसटी बंद झाली, मग बाजार, मग लग्नकार्य, शेवटी किराणा दुकानही. आई म्हणायची, "राहू दे वं माय, नको जाऊ." मायेनंच म्हणायची, पण टाळायला मिळालेली प्रत्येक मुभा या आजाराला खतपाणी घालते. हजेरी गेली, वर्ष गेलं.

(टेबलावर ईसीजीची पट्टी, रक्ताचे रिपोर्ट. मनगटावर काळा दोरा.)

आधी तपासण्या झाल्या. रक्त कमी असलं, थायरॉईड वाढलं, तरी छाती धडधडते. म्हणून ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, हेही पाहायलाच हवं. रिपोर्ट चांगले आले की तिथं थांबायचं. दर झटक्याला नवा ईसीजी काढला तर शंका मिटत नाही, वाढते. गावानं 'बाहेरचं' म्हणून उतारेही केले. मनगटावरचा दोरा काढायला डॉक्टरांनी सांगितलं नाही. उपचार बंद करा म्हणणाऱ्याचं मात्र ऐकायचं नाही, एवढं बजावलं.

(वहीचं पान, जवळून.)

आता हे पान नीट पाहा. उपचार तो हाच, भीती वाटणारी कामं पायरीपायरीनं करायची. डावीकडं काम, उजवीकडं भीतीचा आकडा, ० ते १००. अंगणात उभं राहून रस्त्यानं जाणारी एसटी पाहणं, २०. फाट्यावर अर्धा तास बसणं, ३०. बसस्थानकात उभ्या गाडीत चढून बसणं, ४०. बाबांसोबत पुढच्या थांब्यापर्यंत, ५०. एकटीनं, बाबा मागून मोटारसायकलवर, ६५. एकटीनं तालुक्यापर्यंत, ८०. बाजाराच्या दिवशी, गर्दीत, मधोमध उभ्यानं, ९५.

सुरुवात तिशी-चाळिशीच्या आतल्या कामापासून. भीती चढली की पळायचं नाही, आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथंच थांबायचं. त्याला कधी वीस मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. तेच काम रोज करायचं, सुरुवातीचाच आकडा खाली आला की वरची पायरी. आठवड्यातून एकदा करून भागत नाही, दोन वेळांमध्ये मन पुन्हा जुनंच शिकतं.

एसटीची एक अडचण आहे. पुढचा थांबा सात-आठ मिनिटांत येतो, म्हणजे भीती शिगेला असतानाच उतरायची वेळ. तिथून घरी पळालं की सगळी मेहनत उलटी पडते. म्हणून उतरून थांब्यावरच बसायचं, मिळेल त्या गाडीनं परत यायचं, आणि जमलं तर पुन्हा जायचं.

दुसरी चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हातात पाण्याची बाटली, दाराजवळचीच सीट, कानाला फोन आणि पलीकडं आई. प्रवास होतो, पण मन त्याचं श्रेय बाटलीला देतं. या आधारांना एकेक करून सुट्टी द्यावी लागते. तिचा फोन सर्वांत शेवटी दप्तरात गेला.

(अंगणात, जागच्या जागी धावणारे पाय.)

हा व्यायाम नाही, औषध आहे. एक मिनिट जागेवर धावायचं, अर्धा मिनिट गोल फिरायचं, बारीक नळीतून एक मिनिट श्वास घ्यायचा. धडधड आणि चक्कर मुद्दाम आणायची, म्हणजे त्यांची दहशत उतरते. दमा, हृदयविकार, फिट किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

(आई, कापसाच्या गंजीजवळ.)

आईची भाषाही बदलली. "भेव लागू दे, उतरते थे आपोआप," एवढंच ती म्हणते, आणि एकदाच. वारंवार दिलेला धीरसुद्धा बाटलीसारखाच आधार होतो.

गोळी प्रत्येकाला लागत नाही. हिला लागली, कमी मात्रेतली सर्ट्रालिन. गुण यायला चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, बेचैनी वाढू शकते. या वयात जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने ते वर्षभर गोळी चालते, आणि ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात. मेडिकलमधून परस्पर आणलेली अल्प्राझोलाम वेगळी. अर्ध्या तासात शांत करते, सवय लावते, आणि भीती आपोआप उतरते हे शिकूच देत नाही.

या उपचाराला यंत्र लागत नाही, शिकलेलं माणूस लागतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. तरी दर आठवड्याला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचं, तर वेचणीच्या दिवसांत एका मोठ्या माणसाची मजुरी बुडते. ज्या मुलीला एसटीची भीती, तिनं उपचारासाठी एसटीनंच जायचं. समुपदेशक तालुक्याच्या दवाखान्यात बसायलाच हवा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत.

(एसटी, बाजाराचा दिवस. गर्दीत उभी पाठमोरी मुलगी.)

बाजाराच्या गाडीचा ९५ आता ३५ वर आला आहे. परीक्षेत, तापातून उठल्यावर भीती पुन्हा वर येऊ शकते. तेव्हा दोन पायऱ्या खाली यायचं आणि तिथून रोज सुरू करायचं. वहीत आता नवं पान आहे, वार्षिक परीक्षेचं. वर्गात मधल्या रांगेत तीन तास, ८५. पहिली पायरी येत्या रविवारी, रिकाम्या वर्गात त्याच बाकावर अर्धा तास, ३०.