शिरोरेषा आधी, चित्र नंतर

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्ष, कार्यवाह आणि एवढ्या पावसात आलेली आपण सगळी मंडळी. पत्रिकेवर माझा विषय 'चित्रकथेतलं मराठी अक्षर' असा छापलाय. पण वर येताना जिन्यातच तिघांनी अडवून विचारलं, "दुसऱ्या अंकाचं कुठवर आलं?" तेव्हा आधी तो हिशेब देतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा.

माझ्या चित्रकथेचा हा दुसरा अंक ३२ पानांचा आहे. १६ पानांचे दोन फर्मे, मधोमध पिना. आज सकाळपर्यंत २६ पानं शाईत पुरी झालीत. ४ पानांवर अक्षर झालंय, चित्र अजून पेन्सिलीत आहे. २ पानं कोरी आहेत. गेल्या दिवाळीला देतो म्हणालो होतो, तो या दिवाळीला हातात पडेल. उशीर का झाला, याचं उत्तर आणि आजचा विषय एकच आहे. मी आता पानावर आधी अक्षर काढतो, मग चित्र. आणि अक्षर हातानं काढतो, पात्रांच्या बोलण्याचा फुगान् फुगा.

दुसरा अंक हरिपूरचा आहे. नाटककार देवलांचं हरिपूर, वारणा जिथं कृष्णेला मिळते ते. पण मी संगमाची नाही, पेवांची गोष्ट सांगतोय. इथं पेव आत उतरून कुणी पाहिलंय? हात वर करा. तीन. हळदीच्या पेठेच्या गावात तीन! 'पेव फुटलं' असं आपण उठता बसता म्हणतो. क्लासचं पेव फुटलं, टपऱ्यांचं पेव फुटलं. पण पेव म्हणजे काय, हे आपल्या मुलांना ठाऊक नाही. माझ्या अंकाचं निम्मं कारण हेच आहे.

पेव म्हणजे जमिनीखालचं हळदीचं कोठार. तोंड अरुंद, जेमतेम एक माणूस आत जाईल एवढं. खाली पोट सुटलेलं, चंबूसारखं. तीन-चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकं खोल. हरिपूरची माती अशी की त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडायचा, तो तेवत राहिला तर माणूस उतरणार. माझे वडील मार्केट यार्डात एका अडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या हमालांनी मला हे सगळं अंगणात बसून, काठीनं मातीत आकृती काढून समजावलं. जाताना म्हणाले, "आत गेल्यावर वरच्याचा आवाज गोल होऊन येतो बघ." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि घरी येईपर्यंत रस्ताभर घोकत होतो. आवाज गोल होऊन येतो. आता हे कागदावर काढायचं कसं?

तेच माझं पान १४. अख्ख्या पानभर पेवाचा उभा छेद. वर तोंडाशी पोरगी ओणवी, खाली अंधारात तिचे आबा. ती हाक मारते, "आबाऽऽ". पहिला 'आ' तोंडाशी, टोकदार, त्याची शिरोरेषा सरळ. 'बा' गळ्यातून उतरताना शिरोरेषा वाकायला लागते. आणि मग अवग्रह, म्हणजे हाक लांबवणारी 'ऽ' ही खूण. एकाखाली एक अकरा अवग्रह, प्रत्येक आधीच्यापेक्षा मऊ आणि गोल, शेवटचा आबांच्या कानापाशी जवळजवळ शून्यासारखा. या एका हाकेला मला नऊ दिवस लागले. बोरू घेतला, टाक घेतला, शेवटी दोन नंबरच्या ब्रशनं साधलं. पोरीचा चेहरा मी दहाव्या दिवशी काढला, अर्ध्या तासात. हाक जमली होती, त्यामुळं तिचं तोंड किती उघडं हवं हे मला आधीच कळलं होतं.

२००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, हळद गेली, कितीतरी पेवं कायमची बाद झाली. गोष्ट त्या आठवड्याची आहे. तिथं मी नंतर येतो, कारण पाण्याच्या पानावरच माझा मुख्य मुद्दा आहे.

मध्येच एक सांगू द्या, सांगलीत उभा आहे म्हणून राहवत नाही. १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं. त्यात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापलं बोलणं ऐनवेळी बोलायची. म्हणजे गोष्ट सांगणारा एक आवाज बाजूला आणि पात्राचा आवाज वेगळा. चित्रकथेच्या पानावर हेच दोन आवाज असतात. चौकटीच्या माथ्यावरची पट्टी म्हणजे सूत्रधार, फुगा म्हणजे पात्र. तिकडं कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथी सांगतात. चित्रांची सुटी पानं एकेक करून पुढं धरायची, शेजारी बसून गायचं, निवेदन करायचं. चित्र होतं, क्रम होता, गोष्ट होती. फुगा मात्र नव्हता, कारण बोलणारा माणूस प्रत्यक्ष समोर होता. चित्रकथा आपल्याला परकी नाही, तिच्यात बोलणं लिहून दाखवायची सवय तेवढी आपल्याला उशिरा लागली. आणि ती लागली ती भाषांतरित अंकांतून. माझ्या पिढीनं वेताळ आणि जादूगार मँड्रेक मराठीतच वाचले. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि मराठीतही यायची. त्यांच्यावर माझं फार प्रेम आहे. पण कुठलंही भाषांतरित कॉमिक घ्या, फुगा इंग्रजी मापानं आखलेला असतो आणि मराठी त्यात सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी अंग चोरून बसलेली असते.

आता पहिल्या अंकाचं दुखणं. ते सांगितल्याशिवाय माझा हट्ट कळायचा नाही.

पहिला अंक २०१९ च्या महापुराचा होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोका पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. आपण सगळ्यांनी ते पाहिलंय. पाणी गल्लीत कुठवर आलं होतं ते इथं प्रत्येकजण स्वतःच्या घराच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. त्या पुरात माणसांना बाहेर काढताना उलटलेली ब्रह्मनाळची नाव मी चित्रात काढली नाही. काहींनी विचारलं, का नाही? त्या घरांतली माणसं अजून ते दुःख रोज जगतायत. त्यावर चौकट आखायला माझा हात धजला नाही, आजही धजत नाही.

तर तो अंक. चित्रं हातानं, अक्षर मात्र संगणकावर टाइप केलेलं, जुन्या फाँटमध्ये. फाइल छापखान्यात गेली, तिथं ती दुसऱ्या फाँटमध्ये उघडली. मी प्रूफ पाहिलं, ते पडद्यावर, रात्री, घाईत. ती चूक माझीच. पाचशे प्रती छापून, पिना मारून, गठ्ठे घरी आले. पहिली प्रत उघडली. पहिल्याच पानावर, सगळ्यांत मोठ्या चित्रावर मी लिहिलं होतं, 'सह्याद्रीच्या दऱ्यांतून पाणी निघालं होतं.' छापलं होतं, 'सह्याद्रीच्या दर्यांतून.'

काय झालं होतं, तर आपल्या 'ऱ्या'ची ती आडवी कोर त्या फाँटात नव्हती. तिच्या जागी डोक्यावरचा रफार आला. एवढीशी कोर, पण डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. दर्या म्हणजे समुद्र! आठवड्यात एका निवृत्त मास्तरांचं पोस्टकार्ड आलं, अक्षर मोत्यासारखं. 'चि. चित्रकारास आशीर्वाद. चित्रे उत्तम. परंतु कृष्णा दर्याकडे जाते, दर्याकडून येत नाही.' मी ते कार्ड टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. पूर्ण अंकात अशा एकोणीस जागा निघाल्या. 'दुसर्या', 'वार्यानं', 'पायर्यांवर'. छापखान्यात गेलो तर संगणकावरचा मुलगा म्हणाला, "काका, वाचणाऱ्याला कळतंय की, दोन्ही सारखंच." त्या मुलाला बोल लावत नाही. पण 'दोन्ही सारखंच' हे वाक्य माझ्या पोटात खुपलं. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं, दोन्ही सारखंच? एक आला की प्रवचन होतं, दुसरा आला की जेवण होतं!

मग मी पाचशे प्रती घेऊन बसलो. जमिनीवर सतरंजी, एकीकडं न सुधारलेल्या प्रती, दुसरीकडं सुधारलेल्या. पातीनं रफार हलकेच खरवडायचा आणि टाकानं कोर काढायची. एकोणीस गुणिले पाचशे, म्हणजे साडेनऊ हजार कोरी. पहिल्या दिवशी साठ प्रती झाल्या. बायकोनं आणि मुलीनं खरवडायचं काम घेतलं. पंधरा दिवस घरात दुसरं काही नव्हतं. पण त्या पंधरा दिवसांत मला एक गोष्ट दिसली, आणि ती दिसली म्हणून मी आज इथं बोलतोय. टाइपाच्या मजकुरात माझ्या हातची कोर जिथं जिथं आली, तिथं त्या फुग्यातला माणूस खरंच बोलल्यासारखा वाटायला लागला. एक तेवढा 'ऱ्या' जिवंत आणि बाकी ओळ गप्प. सहा-सात हजार कोरी झाल्यावर मी मुलीला म्हणालो, पुढचा अंक सगळा हातानं.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. म्हणजे आता खरा विषय पळवायला लागणार. ठीक आहे, पळवतो.

रोमन अक्षर ओळीवर बसतं, आपलं अक्षर ओळीला लटकतं. इंग्रजी कॉमिकांत बहुधा सगळी अक्षरं कॅपिटल असतात, एका उंचीची, म्हणून ओळी एकमेकींना चिकटून बसू शकतात. आपल्याकडं कॅपिटल नाहीत, पण वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीत 'कृष्णेकडून' आलं आणि त्याच्याच खाली 'गर्दी' आलं, तर 'कृ'चा पाय 'र्दी'च्या रफारावर पडतो. तेव्हा मराठी फुग्याला उंची जास्त लागते. ती चित्र झाल्यावर मिळत नाही, आधीच राखून ठेवावी लागते. म्हणून अक्षर आधी.

दुसरं, फुग्याचा आकार. अंड्यासारखा फुगा रोमनला शोभतो. आपल्या ओळीची वरची कड शिरोरेषेमुळं सपाट, खालची कड उंचसखल. अंडाकृतीत ती वर कोंडते आणि खाली मोकळी पडते. मी फुगा वरून सपाट आणि खाली झोळीसारखा काढतो. बाळाची झोळी दोरीला बांधतात तसा. करून बघा, ओळ लगेच सैल बसते.

तिसरं, जोर. इंग्रजीत जोर द्यायचा शब्द जाड आणि तिरका करतात. मराठीत जोर शब्दातच असतो. 'मीच उतरतो' आणि 'मी उतरतोच'. एक 'च' इकडचा तिकडं गेला की आबा वेगळे होतात. मग अक्षर जाड कशाला करायचं? तो 'च' ओळीच्या शेवटी एकटा तुटून पडू नये, एवढं फक्त बघायचं. आणि आवाजाचे शब्द! डुबुक, धप्पकन, सळसळ, चर्रर्र, घुम्म. आपल्याकडं कोठारं भरलीत आणि आपण चित्रांत 'धडाम'वर भागवतो. नदी वाढताना आवाज करत नाही, पण ओट्याची पहिली पायरी बुडताना बारीकसा 'लुप' होतो. हे मी २०१९ ला माझ्या दारात ऐकलंय. अंकात तो 'लुप' आहे, पान २१, कोपऱ्यात.

आणि आता ते पाण्याचं पान, २३. पेवात पाणी शिरतंय. पोरगी वरून ओरडते, 'आबा, पाणी!' या फुग्याला मी कड काढलीच नाही. 'पाणी'ची शिरोरेषा ओढली ती थेट पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तीच पाण्याची पातळी. अक्षरं तिच्याखाली लटकलेली, म्हणजे बुडालेली. 'णी'ची वेलांटी तेवढी पाण्यावर, बुडणाऱ्या माणसाच्या हातासारखी. पुराचं पाणी काढताना सगळे लाटा काढतात. सांगलीच्या पुराला लाटा नसतात. तो सपाट असतो, चहाच्या रंगाचा, आणि सरळ रेघेत चढतो. ती रेघ आपल्या लिपीत आयती आहे. रोमनमध्ये हे पान होऊच शकत नाही. म्हणून मी म्हणतो की मराठी चित्रकथेत पहिली ओढायची ती शिरोरेषा. पुढचं चित्र तिला धरून येतं.

लहान वयाच्या वाचकांबद्दल आणि छपाईच्या खर्चाबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. कार्यवाह उभेच राहिलेत. मूळ पानं मी बरोबर आणलीत, मागच्या टेबलावर मांडतोय. पान १४ आणि २३ हातात घेऊन बघा, दिव्याखाली धरून बघा. २६ मात्र टेबलावरच राहू द्या. त्याला सकाळीच शाई लावलीय, आणि या हवेत ती अजून वाळलेली नाही.