रत्नं विकायला आले वैरागी

श्रोतेहो, नमस्कार. चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या वेळी धर्मगुरू हातात घेतात तो प्याला तुम्ही पाहिला असेल. आज अशाच एका प्याल्याबद्दल आणि तो घडवून घेणाऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. तो माणूस म्हणजे सुजेर. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाचा हा मठाधिपती. काळ बाराव्या शतकाचा.

सुजेरला रत्नांचं भारी वेड. मोठा सोन्याचा क्रूस घडवायला घेतला खरा, पण जडवायला रत्नं पुरेनात. आणि अशात एके दिवशी दारात कोण उभं? तीन मठांचे लोक, रत्नं विकायला आलेले! त्यांतले दोन मठ सिस्टर्शियन पंथाचे. लक्षात घ्या, सिस्टर्शियन! ज्यांचा पुढारी बर्नार्ड चर्चमधल्या सोन्यानाण्यावर कडाडून टीका करायचा, भिंती झळाळतात आणि गरीब उपाशी राहतात म्हणायचा, तो पंथ. तिसरा मठ फाँतेव्रोचा. ही रत्नं मुळात इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या खजिन्यातली. तो गेल्यावर ती पुतण्या स्टीफनकडे आली, स्टीफनकडून भाऊ तिबोकडे, आणि तिबोने ती या मठांना दान केली. वैराग्यांना रत्नं काय करायची? सुजेरने 400 लिव्र, म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन, मोजले. माल त्याहून कितीतरी जास्त किमतीचा, हे तो स्वतःच लिहितो. 400 लिव्र फक्त! वर या सौद्याला 'गमतीदार पण थोर चमत्कार' म्हणतो.

आता प्याला. वाटी सार्डोनिक्सची, म्हणजे पट्टेदार अकीकाची, ख्रिस्तपूर्व काळात कोरलेली. भोवती चांदीवर सोन्याचा मुलामा, तारकाम, कोंदणात खडे आणि मोती. तेव्हा खड्यांना पैलू पाडत नसत, घासून गुळगुळीत घुमट देत. पैलू नाहीत, घुमट. मेणबत्तीच्या उजेडात असा खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. संग्रहालयवाले त्यावर पांढरा झगझगीत दिवा सोडतात, ते मला मुळीच पटत नाही. असो.

हा प्याला 1804 साली पॅरिसमधून चोरीला गेला, प्लास्टरच्या पुतळ्यात दडवून हॉलंडला पोचला. सोबत चोरलेला 'टोलेमींचा प्याला' नावाचा दुसरा प्राचीन प्याला सापडला, पण त्याचं सोन्याचं कोंदण तोवर वितळवून झालं होतं. सुजेरचा प्याला मात्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, कोंदणासकट.