266 वरून 333 वर: एका जुन्या डेस्कटॉपचं ओव्हरक्लॉकिंग

[काळा पडदा. डिलीट कळीची टकटक. मग बायोसचा निळा पडदा.]

पॉवरचं बटण दाबल्यावर हातात दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात डिलीट दाबत राहिलं, तर विंडोजऐवजी हा निळा पडदा येतो. माउस इथे चालत नाही. बाणांच्या कळा, एंटर आणि एस्केप, एवढ्यावर सगळा कारभार. हा बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन जागं करणारा, मदरबोर्डवरच साठवलेला प्रोग्राम. बरेच जण इथे फक्त विंडोज टाकताना आलेले असतात, आधी सीडी की आधी हार्ड डिस्क एवढं सांगायला. सांगून झालं की लगेच बाहेर.

आज आपण थोडं थांबणार आहोत. इथूनच प्रोसेसरला छापील वेगापेक्षा जास्त पळवायचं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचं.

[जवळून: प्रोसेसरची चंदेरी टोपी आणि तिच्यावरची अक्षरं]

हा इंटेलचा कोअर 2 क्वाड क्यू6600. जानेवारी 2007 मध्ये बाजारात आला. चार कोर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे चार भाग, वेग 2.4 गिगाहर्ट्झ. टोपीखाली प्रत्यक्षात दोन-दोन कोरचे दोन तुकडे शेजारी-शेजारी बसवलेले आहेत, पण विंडोजला ते चार दिसतात आणि कामही चारांचंच होतं. आला तेव्हा कंपनीचा घाऊक भाव 851 डॉलर होता. त्याच वर्षीच्या जुलैत तो 266 डॉलरवर उतरला आणि चार कोर सर्वसामान्य घरांच्या आवाक्यात आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग निवडून मशीन असेंबल करून घेणाऱ्यांना हे नाव आजही पाठ असेल.

योगायोग असा, की 266 हाच आकडा याच्या घड्याळातही आहे.

[मदरबोर्डवरचा छोटा धातूचा क्रिस्टल. कॅमेरा हळूहळू त्याच्याजवळ जातो.]

मदरबोर्डवर हा एक क्वार्ट्झचा क्रिस्टल. सेकंदाला 1 कोटी 43 लाख कंपनं, म्हणजे 14.318 मेगाहर्ट्झ. शेजारची चिप त्यातून 266 मेगाहर्ट्झचा ठेका तयार करते. प्रोसेसर तो ठेका घेतो आणि आत स्वतःच्या गुणकाने, म्हणजे मल्टिप्लायरने, वाढवतो. इथे गुणक आहे 9. 266 गुणिले 9, झाले 2400. जाहिरातीतले 2.4 गिगाहर्ट्झ ते हेच. गुणक कंपनीने वरच्या बाजूने बंद करून टाकलाय, नऊचा दहा होत नाही. मोकळा राहतो तो 266. आपला सगळा खेळ त्याच्यावर.

हा खेळ नवा नाही. आयबीएमने 1984 मध्ये पीसी एटी आणला, तेव्हा त्यात 12 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्याने, 6 मेगाहर्ट्झने चालायचा. हुशार मंडळींनी तो क्रिस्टल उपटला आणि 16 चा लावला. झाले 8 मेगाहर्ट्झ. काही डॉलरच्या तुकड्यात मशीनचा वेग एक तृतीयांशाने वाढला. आयबीएमला हे रुचलं नाही. नंतरच्या एटींच्या बायोसमध्ये त्यांनी वेग तपासणारा कोड घातला; ठरल्यापेक्षा जास्त वेग आढळला तर मशीन सुरूच व्हायचं नाही. म्हणजे या गोष्टीत बायोस आधी आला तो पहारेकरी म्हणून.

त्यानंतरची बरीच वर्षं जंपरची. बोर्डवर पिना, त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या इवल्याशा टोप्या, आणि त्या कुठे बसवायच्या याचा तक्ता मॅन्युअलमध्ये. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तैवानच्या एबिट कंपनीने हे जंपर उचलून बायोसच्या एका पानावर आणले. नाव ठेवलं सॉफ्टमेनू. कॅबिनेट न उघडता, कीबोर्डवरून घड्याळ बदलता येऊ लागलं. पहारेकऱ्याच्याच हाती किल्ली आली म्हणा ना.

[जुन्या स्लॉट 1 प्रोसेसरचं छायाचित्र]

आणि ऑगस्ट 1998 मध्ये इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. स्वस्तातला माल. 66 मेगाहर्ट्झचा ठेका, गुणक साडेचार, वेग 300. एबिटच्या बीएच6 बोर्डवर बायोसमध्ये 66 च्या जागी 100 लिहिलं की तोच प्रोसेसर 450 वर उभा राहायचा. सगळे नाही, पण इतके, की लोक दुकानात खास तोच मागायला लागले. इंटेलचा सर्वात वेगवान पेंटियम 2 तेव्हा 450 चाच होता, आणि किंमत कित्येक पट. सेलेरॉनची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी, जेमतेम 128 केबी, पण ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची; पेंटियमची 512 केबी असूनही निम्म्या वेगाने. त्यामुळे बऱ्याच कामांत दोघे खांद्याला खांदा लावून होते.

स्वस्त चिपमध्ये एवढा दम राहतोच कसा? कारण ती वेगळी बनतच नाही. एकाच सिलिकॉनच्या चकतीतून शेकडो चिप निघतात. तपासणी होते, आणि कोणत्या चिपवर कोणता वेग छापायचा ते ठरतं. पण बाजाराला स्वस्त चिप जास्त हव्या असतात आणि कारखान्याचा हात बसला की बहुतेक चिप चांगल्याच निघतात. मग हापूसच्या दोन नंबरच्या पेटीत एक नंबरचे आंबे भरले जावेत, तसं होतं. शिवाय कंपनी थोडी जागा मुद्दाम राखते: उन्हाळा, धूळ, सुमार वीजपुरवठा, दहा वर्षांचं वय, हे सगळं झेलून छापील वेग मिळायला हवा. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही राखीव जागा स्वतःच्या जबाबदारीवर वापरणं. फुकट काही मिळत नाही, राखून ठेवलेलं वापरलं जातं.

[पुन्हा बायोस. गिगाबाइटचा पी35 चिपसेटचा बोर्ड.]

आता प्रत्यक्ष काम. आपला बोर्ड पी35 चिपसेटचा आहे (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिप) आणि यावर घड्याळ बदलायची पानं मिळतात. मोठ्या ब्रँडच्या तयार डेस्कटॉपमध्ये ती बहुधा नसतातच, तिथे शोधत बसू नका. या बायोसमध्ये आधी कंट्रोल आणि एफ1 एकत्र दाबायचं, म्हणजे दडवलेले पर्याय दिसतात. मग एम.आय.टी. नावाचं पान.

पहिली गोष्ट, आहे त्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो. दुसरी, हार्ड डिस्कवरच्या महत्त्वाच्या गोष्टींची प्रत दुसरीकडे. घरातले लग्नाचे फोटो याच मशीनवर असतील, तर ही पायरी पहिली समजा.

पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बसतं त्या जोडणीची, फ्रिक्वेन्सी ऑटोवर असते, ती 100 वर पक्की करायची. जुन्या बोर्डांवर मुख्य ठेका वाढवला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या बसही, म्हणजे भागाभागांत माहिती नेणाऱ्या वाटाही, धावत सुटायच्या, आणि मग ग्राफिक्स कार्ड गोंधळायचं, डिस्कवरची माहिती बिघडायची. पुढच्या बोर्डांनी त्यांना वेगळं घड्याळ दिलं. ते ऑटोच्या भरवशावर सोडू नये.

आता रॅम. नवखा गडी अडकतो तो बहुधा इथेच, आणि दोष प्रोसेसरला देतो. आपल्याकडे डीडीआर2-800 रॅम आहे. मूळ हिशोब 266 गुणिले 3, बरोबर 800. ठेका 333 केला आणि रॅमचा गुणक तसाच ठेवला, तर रॅम 1000 वर पळायला बघते. पळत नाही. पडदा काळा, पंखा फिरतोय, आणि आपण समजतो प्रोसेसर गेला. म्हणून आधी रॅमचा गुणक 2.4 करायचा. 333 गुणिले 2.4, पुन्हा 800. रॅम होती तिथेच, पुढे जाणार फक्त प्रोसेसर.

मग ठेक्याचा पर्याय चालू करायचा आणि 266 च्या जागी एकदम 333 न लिहिता 290 लिहायचं. एफ10, सेव्ह, रीस्टार्ट. विंडोज आलं? परत या. 310. मग 333.

[प्रोसेसरचा वेग दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्रामचा पडदा: 3000 मेगाहर्ट्झच्या आसपास]

तीन गिगाहर्ट्झ. व्होल्टेजला हात न लावता, पंचवीस टक्के जास्त. टोपीवर एसएलएसीआर लिहिलेलं असेल, तर हा जी0 आवृत्तीचा प्रोसेसर. आधीच्या बी3 पेक्षा थंड: कंपनीने त्याचं औष्णिक माप 105 वरून 95 वॉटवर आणलं. जी0 प्रोसेसर सहसा इथवर कुरकुर न करता येतात. सगळे येतीलच असं नाही.

विंडोज उघडलं म्हणजे जमलं, असं मात्र नाही. प्राइम95 नावाचा प्रोग्राम आहे. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायला जगभरचे लोक तो वापरतात, आणि त्यातली छळचाचणी ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी उचलली. ज्या गणिताचं उत्तर आधीच माहीत आहे, ते तो चारही कोरना पुन्हा पुन्हा करायला लावतो. एका कोरने जरी उत्तर चुकवलं, तर लाल खूण करून तो कोर थांबवतो. मशीन बंद पडणं एक वेळ परवडलं. न बंद पडता चुकीची बेरीज करणारं मशीन नको. काही तास चाचणी चालू दे, शेजारी कोअर टेम्प नावाच्या प्रोग्राममध्ये तापमान बघत राहा.

[पंखा, हीटसिंकमधली धूळ, वाळून पांढरी झालेली पेस्ट]

आता 333 ला समाधान न मानता 400 लिहिलं तर? 400 गुणिले 9, 3.6 गिगाहर्ट्झ. यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि इथून हिशोब महाग होतो. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा 1.25 व्होल्टचे 1.40 केले. वेग दीडपट झाला, पण वीज आणि उष्णता जवळजवळ 1.9 पट. दुप्पटच म्हणा. बॉक्ससोबत आलेला कूलर, त्याच्या चार प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांपैकी एक सैल, खाली प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचवणारी, पण वर्षानुवर्षं वाळलेली पेस्ट: यावर ही उष्णता निघणार नाही. हवेवर चालणारा कूलर खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही, हेही लक्षात असू द्या. नाशिकला जानेवारीत पास झालेली सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात नापास होते, आणि त्यात प्रोसेसरचा दोष नाही.

दुसरा संशयित एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर लिहिलेल्या वॉटवर माझा विश्वास नाही. बोर्डवरचे कपॅसिटरही, म्हणजे वीज साठवणारे ते छोटे नळकांडे, बघून घ्या. डोकी फुगलेली असतील, तर ओव्हरक्लॉकिंग राहू द्या, तो बोर्ड आहे त्या वेगावर चालतोय हीच मेहेरबानी.

माझं मत विचाराल तर 333 वर थांबावं. 3.6 चा स्क्रीनशॉट छान दिसतो, पण रोजच्या मशीनला तो ताप कशाला?

सेटिंग फसली आणि काहीच दिसेना, तर घाबरायचं कारण नाही. बरेचसे बोर्ड दोन-तीनदा अडखळून स्वतःच मूळ आकड्यांवर येतात. नाही आले, तर विजेची वायर काढून सीमॉसच्या, म्हणजे बायोसचे आकडे साठवणाऱ्या मेमरीच्या, दोन पिना काही सेकंद जोडायच्या, किंवा बोर्डवरचा सेल काढून ठेवायचा.

[नव्या मदरबोर्डचा रंगीत, माउसवर चालणारा बायोस]

हे दिवस फार टिकले नाहीत. जानेवारी 2011 च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने घड्याळाची चिप चिपसेटच्या पोटात घातली आणि सगळ्या बस 100 मेगाहर्ट्झच्या एकाच ठेक्याला बांधल्या. तो वाढवला की सगळंच डगमगायचं. गुणक मोकळा मिळायचा तो नावात के असलेल्या, जास्त किमतीच्या प्रोसेसरमध्ये. स्कायलेकच्या वेळी, 2015 च्या शेवटी, काही बोर्डवाल्यांनी के नसलेल्या प्रोसेसरसाठीही बायोसमधून वाट काढली होती. दोन-तीन महिन्यांत ती बुजवली गेली, तीही बायोसच्याच नव्या अपडेटने. आज प्रोसेसर तापमान बघून आपला आपणच वर-खाली होतो. राखीव जागा कंपनीच वापरून टाकते, ग्राहकासाठी फारशी उरत नाही.

आणि या क्यू6600 ला तीन गिगाहर्ट्झ मिळून फायदा काय? व्हिडिओ रूपांतर करणं, मोठी फाइल झिप करणं, यात फरक घड्याळ लावून मोजता येतो. ब्राउझर उघडायला लागणारा वेळ मात्र जुन्या हार्ड डिस्कमुळे आहे. तिथे एक साधी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, या सगळ्या खटाटोपापेक्षा जास्त काम करेल. काही गोष्टी तर कितीही मेगाहर्ट्झ ओतले तरी येणार नाहीत. एसएसई4.2 या सूचना या प्रोसेसरला कळतच नाहीत, आणि विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. लिनक्स मात्र चालतं, आणि बरं चालतं.

[बोर्डवरचा गोल चपटा सेल. कॅमेरा स्थिर.]

शेवटची एक सूचना. बायोसचे आकडे लक्षात राहतात ते या सीआर2032 सेलच्या जिवावर. इतक्या जुन्या मशीनमध्ये तो बहुधा संपत आलेला असतो. संपला की तारीख मागे जाते, आणि 333 पुन्हा 266 होतं. नवा सेल आधी टाका, मग डिलीट दाबा.