दोनदा उतरवलेली इमारत

नमस्कार, श्रोतेहो. इंग्लंडच्या आग्नेय भागात केंट ही काउंटी आहे. तिथे बाऊ बीच येथे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणीपुरवठ्यासाठी जलाशय बांधला गेला आणि त्या खोऱ्यातली काही जुनी, लाकडी सांगाड्याची शेतघरे बुडिताखाली आली. त्यांतच विंकहर्स्ट नावाच्या शेतावरची, सोळाव्या शतकाच्या आरंभीची एक लहानशी इमारत होती. ती एकदा नव्हे, तर दोनदा उतरवली गेली, आणि पाण्याचा संबंध फक्त पहिल्या वेळेशी होता.

पहिल्यांदा ती उतरवली गेली ती वाचवण्यासाठी. शेजारच्या ससेक्समध्ये रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने १९६७ साली वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयाची स्थापना झाली होती. क्रॉली हे नवे शहर वसवताना जुनी लाकडी घरे पाडली गेली, ते पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली. जागेवर टिकणे शक्यच नाही, अशा इमारती उतरवून सिंगलटन गावाजवळच्या मोकळ्या जमिनीवर पुन्हा उभ्या करायच्या, असे ठरले. तिथे सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये विंकहर्स्टचा समावेश होता. मध्ययुगातल्या सामान्य कुटुंबाचे छोटेसे, पण परिपूर्ण घर अशीच तिची ओळख करून दिली गेली.

चारशे-साडेचारशे वर्षांची इमारत मोडतोड न करता सुटी होतेच कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल. याचे उत्तर तिच्या मूळ बांधणीत आहे. त्या काळचा इंग्लिश सुतार ओक झाडाचे लाकूड ओले असतानाच घडवीत असे, कारण वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही. एकेका भिंतीची किंवा आडव्या चौकटीची सगळी लाकडे तो आपल्या आवारात जमिनीवर आडवी मांडून कूस (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) आणि ती जिथे बसते ती खाच जुळवून पाही, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरी, सगळे पुन्हा सुटे करी आणि गाडीत घालून बांधकामाच्या जागी नेई. म्हणजे अशी प्रत्येक इमारत उभी राहण्यापूर्वीच एकदा उतरवलेली असे. सांधे पक्के करण्यासाठी खिळे नसत, ओकच्याच निमुळत्या खुंट्या असत. कुसातले भोक खाचेच्या भोकापेक्षा किंचित आत सरकवून पाडलेले असल्यामुळे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जाई. चारशे वर्षांनी तीच खुंटी मागून ठोकली की बहुधा पुढे सरकते, आणि अडलीच तर गिरमिटाने पोखरून काढता येते. मात्र घाईने करवत चालवली तर खुंटीबरोबर कूसही जाते.

खरे कष्ट हातोड्याला नसतात, ते कागदाला असतात. एकही कौल काढण्यापूर्वी चारही बाजूंची मापे घेऊन रेखाटने तयार होतात, छायाचित्रे काढली जातात आणि प्रत्येक लाकडाला क्रमांकाची पट्टी ठोकली जाते. ही पट्टी अशा जागी ठोकायची असते, की जुन्या सुताराची खूण झाकली जाऊ नये. मग कौले उतरतात आणि त्यानंतर कूड. होय, आपल्या कोकणातल्यासारखाच काटक्यांचा आणि मातीचा कूड तिथेही असतो. तो टिकत नाही, पण त्याचा नमुना ठेवावाच लागतो, कारण मातीत काय मिसळले होते आणि काटक्या कशा विणल्या होत्या, हे पुन्हा उभारताना माहीत असावे लागते. शेवटी सांगाडा उभारणीच्या उलट क्रमाने खाली येतो: आधी वासे, मग तुळया, भिंतीवरच्या आडव्या पट्ट्या आणि सर्वांत शेवटी खांब. आता लाकडाच्या त्या बाजू दिसतात ज्या उभ्या इमारतीत कधीच दिसत नाहीत. रिकामी खाच सांगते, की इथे पूर्वी एक भिंत होती. काजळलेले वासे सांगतात, की खाली धुराड्याशिवाय उघडी चूल पेटत होती.

पुनर्बांधणीतला सर्वांत नाजूक निर्णय दुरुस्तीचा असतो. खांबांचे पाय आणि जोत्यावरची लाकडे ओलीमुळे बहुधा कुजलेली असतात. संपूर्ण खांब बदलणे सोपे आणि स्वस्त पडते, पण तसे करीत गेलो तर शेवटी उरते ती नवी इमारत. म्हणून कुजलेला भागच कापून तिथे नव्या ओकचा तुकडा सांध्याने जोडला जातो, आणि नवे-जुने वेगळे ओळखू यावे यासाठी तो रंगवून लपवला जात नाही. माझ्या मते हा प्रामाणिकपणा सुबकपणापेक्षा मोलाचा आहे, जरी पाहणाऱ्याला तो कधीकधी ठिगळासारखा वाटला तरी.

आता विंकहर्स्टकडे वळू. नंतरच्या अभ्यासातून संशोधकांच्या लक्षात आले, की हे स्वतंत्र घर नव्हतेच. ते एका मोठ्या घराला जोडून असलेले स्वयंपाकघर होते. आगीची भीती आणि धूर यांमुळे त्या काळी स्वयंपाकघर मुख्य घरात न ठेवता वेगळ्या इमारतीत काढण्याची रीत होती. मग संग्रहालयाने जे केले ते मला फार मोलाचे वाटते. माहितीच्या फलकावरचा मजकूर बदलून भागले असते, पण त्यांनी सांगाडा पुन्हा उतरवला आणि २००२ साली संग्रहालयातच दुसऱ्या जागी तो स्वयंपाकघर म्हणून उभारला. आज तिथे ट्यूडर काळातल्या, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या पद्धतीने खरोखर चूल पेटवून पदार्थ रांधून दाखवले जातात. सिमेंटच्या इमारतीबाबत अशी दुरुस्ती करता आली नसती. इथे मात्र खुंट्या काढल्या, क्रमांक वाचले आणि चूक सुधारली. योगायोग असा, की मोठमोठे सांगाडे आडवे मांडून दुरुस्त करण्यासाठी ओकच्या पातळ पट्ट्यांच्या वक्र जाळीचे भव्य कार्यशाळागृह संग्रहालयात त्याच वर्षी सुरू झाले.

हलवलेली इमारत आपली माती, आपली दिशा आणि आपले शेजारी गमावते. हा तोटा कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही, म्हणून स्थलांतर हा शेवटचाच उपाय ठरतो. आपल्याकडेही असे घडले आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल कोथरूडहून सुटा करून आणलेल्या भागांतूनच उभारला आहे. पण बहुतेक वाड्यांच्या नशिबी हे नसते. वाडा किंवा जुना गोठा उतरवला, की सागवानी खांब आणि तुळया वखारीत जातात आणि तिथून एकेक करून विकल्या जातात.

ज्या श्रोत्यांच्या गावी असे काही उतरवले जाणार असेल, त्यांना एवढेच सुचवतो. कौले काढण्यापूर्वी चारही बाजूंची आणि आतून आढ्यापर्यंतची छायाचित्रे काढून ठेवा, मापांचा एक साधा नकाशा करा, प्रत्येक लाकडावर न पुसणारा क्रमांक टाका आणि तोच क्रमांक नकाशात लिहा. वखारवाल्याचा माणूस करवत घेऊन येण्याआधी एखाद्या जाणत्या सुताराला बोलावून सांधे दाखवा आणि तो काय सांगतो तेही त्याच वहीत टिपून ठेवा.