बीव्हर स्वतःलाच का चावतोय?

हे चित्र जरा नीट बघा. चर्मपत्राच्या पानावर एक रंगीत चौकट. एका कडेला शिकारी, तोंडाला शिंग लावलेलं. त्याच्यापुढे कुत्र्यासारखा दिसणारा प्राणी मान वळवून स्वतःचीच वृषणं दातांनी तोडतोय. हो, तेच. हा बीव्हर आहे, म्हणजे नदीत बांध घालणारा, चपट्या शेपटीचा प्राणी. चित्रकारानं तो उभ्या जन्मात पाहिला असेल, असं वाटत नाही.

बाराव्या-तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या प्राणिकथांच्या पोथ्यांत, म्हणजे बेस्टियरींत, असली चित्रं भेटतात. गोष्ट अशी: बीव्हरच्या वृषणांत औषध असतं, म्हणून शिकारी मागे लागतात. तो ती तोडून त्यांच्यापुढे टाकतो आणि जीव वाचवतो. खरं तर ते द्रव्य शेपटीजवळच्या पिशव्यांत असतं, आणि वृषणं बाहेरून दिसतसुद्धा नाहीत. पण पोथीला काळजी बोधाची: माणसानंही आपली वासना तोडून सैतानापुढे फेकावी, तो पाठ सोडतो.

हसू आलं? यायलाच हवं. रोजचं, साधं ते विसरायला होतं. विचित्र, ओंगळ, हास्यास्पद ते डोक्यात बसतं, असं इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातला एक रोमन ग्रंथ सांगतो, आणि मध्ययुगात तो वाचला जात होता.

पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातला ह्यू, 1130च्या सुमारास, मुलांना बजावतो: पाठांतर नेहमी एकाच प्रतीतून करा. ओळ पानावर वर होती की खाली, अक्षर कुठल्या रंगात होतं, तेही मनात उमटतं. परीक्षेत 'डाव्या पानावर, खाली होतं' एवढंच ज्यांना आठवलंय, त्यांना हे लगेच पटेल.

आता हत्ती. पोथी म्हणते, त्याला गुडघेच नाहीत. तो झाडाला टेकून झोपतो. शिकारी झाड अर्धं कापून ठेवतात, हत्ती आडवा होतो. मोठा हत्ती येतो, मग बारा येतात, कुणाला उचलता येत नाही. शेवटी एक छोटा हत्ती सोंड खाली घालून त्याला उठवतो. आडवा झालेला तो पापात पडलेला आदम, उठवणारा छोटा तो ख्रिस्त.

1255मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईनं इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला खराखुरा हत्ती पाठवला. टॉवर ऑफ लंडनमध्ये तो ठेवला होता. सेंट ऑल्बन्सच्या मठातला मॅथ्यू पॅरिस त्याला बघून चित्र काढतो. त्या चित्रातल्या पायांना गुडघे आहेत. पोथ्यांतला हत्ती मात्र त्यानंतरही झाडाला टेकूनच झोपायचा.